एक पान उलटं

हे घडलेलं आहे.

ज्या मुलीच्या बाबतीत घडलं, ती आकड्यांत सहसा चुकत नाही. तारखा तिने वहीत पाहून सांगितल्या. जिथे नक्की आठवत नव्हतं तिथे 'आठवत नाही' असं सरळ म्हणाली. त्यामुळे जे तिला आठवतं, ते बाजूला सारता येत नाही.

जानेवारी २०२४. अंधेरी पूर्वेला, मरोळच्या पुढे एक विद्यापीठ आहे. त्याचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. तिथली वनस्पतिशास्त्राची इमारत, दुसरा मजला, टोकाची खोली.

रात्र नव्हती. सगळं दिवसाढवळ्या घडलं, बहुतेक दुपारी साडेतीन ते साडेपाचच्या मधे.

तिला आजही तेच जास्त खटकतं.

मुलीचं नाव तेजल अहिरे. विक्रोळीला कन्नमवार नगरात तिसऱ्या मजल्यावर आईबरोबर राहते. एम.एस्सी. झाल्यावर तिला त्या खोलीत सहा महिन्यांचं काम मिळालं. खोली म्हणजे हर्बेरियम, वाळवलेल्या झाडांचा संग्रह. लोखंडी कपाटं, कपाटांत जाड पांढरे कागद आणि प्रत्येक कागदावर दोऱ्याने शिवलेली एक वाळकी फांदी. खाली उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी. झाडाचं नाव, कुठे सापडलं, कधी, कोणी तोडलं. काही फांद्या शंभर वर्षांपूर्वीच्या. खिडक्या कायमच्या बंद, कारण एक कीड आत शिरली तर अख्खं कपाट संपतं. चपलासुद्धा दाराबाहेर काढायच्या. आत एसीची घरघर आणि डांबरगोळ्यांचा वास.

काम सोपं होतं. कागद काढायचा, फोटो घ्यायचा, चिठ्ठीवरचा मजकूर कंप्युटरात भरायचा, कागद परत ठेवायचा. काढताना मोजायचे, ठेवताना मोजायचे. ३१ जानेवारीला काम संपणार होतं आणि विद्यापीठ अनुभवाचा दाखला देणार होतं. पीएच.डी.च्या अर्जाची शेवटची तारीखही तीच. दाखल्याशिवाय अर्ज घेणार नव्हते. तेजलचं पुढचं सगळं त्या एका कागदावर अडकलेलं होतं.

तिच्यासोबत प्रीतम नावाचा मुलगा तेच काम करत होता. तोही त्याच जागेसाठी अर्ज करणार होता.

जागा एकच होती.

पहिल्याच दिवशी, संग्रह सांभाळणाऱ्या शर्मिष्ठा मॅडमनी दोघांना एक गोष्ट दाखवली होती. प्रत्येक कागदावर एक पान उलटं असतं. पानाची मागची बाजू, तिच्या शिरा, तिच्यावरची लव पाहिल्याशिवाय झाड ओळखता येत नाही, आणि एकदा वाळवून शिवलं की पान वळवता येत नाही, मोडतं. म्हणून फांदी दाबायला ठेवतानाच एक पान उलटं करायचं. बाकी सगळी सरळ.

एकच उलटं.

सोमवार, ८ जानेवारी. चौदा नंबरचं कपाट, भेंडी आणि जास्वंदीच्या कुळाचं. सकाळी तेजलने ३१८ कागद मोजून काढले. पाच वाजता ठेवताना पुन्हा मोजले.

३१९.

पुन्हा मोजले.

३१९.

प्रीतम हसला. म्हणाला, कमी भरले तर वाट लागली समज, जास्त भरले तर कसलं टेन्शन घेतेस यार. पण तेजलला टेन्शन आलं. कागद हरवला तर चोरी म्हणता येतं. वाढला तर काय म्हणायचं?

ती एकेक कागद पाहत गेली. शंभर झाले. दोनशे झाले. आणि मग...

एका कागदावर चिठ्ठीच नव्हती.

रानभेंडीची फांदी. नीट शिवलेली, एक पान उलटं. कोपरा कोरा. नाव नाही, जागा नाही, तारीख नाही. जुने नमुने तपकिरी पडतात. ही फांदी हिरवी होती. तेजलने कागद उलटा केला. दोऱ्याच्या गाठी मागच्या बाजूला असतात आणि प्रत्येक गाठीवर कागदाची बारीक पट्टी चिकटवलेली असते. तिने पट्टीवर बोट ठेवलं...

गोंद ओला होता.

त्या संध्याकाळी तिने वहीत चार नावं लिहिली. मॅडम. प्रीतम. दत्ताराम काका, म्हणजे खोलीचे शिपाई, किल्ली त्यांच्याकडे. आणि चौथं, मी. चौथ्यावर तिने लगेच रेघ मारली. मग प्रीतमच्या नावाखाली दोन रेघा ओढल्या. मोजणीच्या वहीवर सही तिची होती. मोजणी चुकली असती तर नाव तिचं खराब झालं असतं.

मंगळवारी ३२० भरले.

बुधवारी दुपारी चहाला बाहेर आली तर दारातल्या चपलांच्या चार जोडांपैकी एक चप्पल उलटी पडलेली. तिचीच. दत्ताराम काकांनी पायाने सरळ केली. काका कणकवलीकडचे. म्हणाले, उलटी रवली की भांडणां होतत गो. गुरुवारी पुन्हा उलटी. शुक्रवारी काकांनी ट्रेमधून चहाचे चार ग्लास आणले. तीन भरलेले होते. चौथा ट्रेमध्ये पालथा होता. काकांनी चारही भरून आणल्याची शपथ घेतली. ट्रे कोरडा होता.

प्रीतमला हे सगळं फार गमतीचं वाटत होतं. निदान तो तसं दाखवत होता.

तेजलने मग सायन्सच्या माणसाने करावं तेच केलं. मंगळवारी, १६ तारखेला, साडेतीन वाजता खाली सेमिनार होता. मॅडम बोलणार होत्या. प्रीतम तिच्या शेजारी बसणार होता. काका चहा वाटणार होते. तिने चौदा नंबरच्या कपाटामागे मोबाइल रेकॉर्डिंगवर ठेवला आणि खोलीला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

सेमिनार चाळीस मिनिटं चालला. तिघंही तिच्या नजरेसमोर होते. एकदाही कोणी बाहेर गेलं नाही.

कागद ३२१ भरले.

घरी जाताना तिने इअरफोन लावून रेकॉर्डिंग ऐकलं. पहिली अकरा मिनिटं एसीची घरघर. मग एसी बंद झाल्यासारखी शांतता. मग...

खट्.

सर्र...

जाड कागदातून सुई आरपार जाते तेव्हा 'खट्' होतं. मग लांब दोरा ओढला जातो. आईला गोधडी शिवताना तिने लहानपणापासून ऐकलं होतं. खट्. सर्र. खट्. सर्र. घाई नाही. सवयीचा हात. चोवीस टाके तिने मोजले. शेवटी दोरा दाताने तोडल्याचा आवाज.

आणि त्यानंतर, मोबाइलच्या अगदी जवळ... कोणीतरी श्वास सोडला. काम संपल्यावर माणूस सोडतो तसा.

घरी आल्यावर तिने वही उघडली आणि प्रीतमच्या नावाखालच्या रेघांकडे बघत बसली. तिघांवरचाही संशय ती सोडून देऊ शकत होती. राहिलं चौथं नाव. किल्ली तर चौथ्याकडेच होती.

गुरुवार, १८ जानेवारी. त्या दिवशी ३२२ भरले. नवा कागद वरच ठेवला होता. शोधावा लागला नाही.

जास्वंदीची फांदी. दोन पानांच्या मधे खोडाला हिरव्या नायलॉनची चिंधी बांधलेली.

तेजलने चिंधी लगेच ओळखली. ती चिंधी तिच्या आईच्या जुन्या साडीची होती. दिवाळीत कबुतरांनी खिडकीतल्या कुंडीतली फांदी अर्धी मोडली, तेव्हा मीराताईंनी, म्हणजे आईने, ती बांधली होती. आज सकाळी डबा भरताना तेजलने ती फांदी पाहिली होती. कळीसुद्धा होती तिच्यावर.

कागदावरची फांदी पूर्ण वाळलेली होती. कळीसकट.

जास्वंद दाबून वाळायला निदान आठवडा लागतो.

तिने तिथूनच घरी फोन लावला. म्हटलं, आई, जास्वंदीकडे बघ जरा. मीराताई खिडकीशी गेल्या.

"फांदी कुठंय गं? सकाळी होती. तिरकी कापलीय, अगदी साफ. तू नेलीस का?"

"नाही."

"तेजू, आणि हे काय केलंयस? एक पान उलटं करून दोऱ्याने शिवून ठेवलंय."

तिसरा मजला. खिडकीला बाहेरून जाळी. आई दिवसभर घरात.

तेजल चारही कागद घेऊन मॅडमकडे गेली. रेकॉर्डिंग ऐकवलं. मॅडम शांत बाई, आवाज कधी चढवत नसत. त्यांनी चारही कागद टेबलावर मांडले, पाठीमागच्या गाठी पाहिल्या आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली.

नोंदणीच्या तक्त्यात 'नमुना कोणी शिवला' असा एक रकाना होता. जुन्या कागदांवर ती माहिती नसतेच, म्हणून तो कोरा सोडायचा होता. तो कोरा नव्हता. वरपासून खालपर्यंत एकच नाव होतं.

तेजल अहिरे. तेजल अहिरे. तेजल अहिरे.

२,१४६ वेळा.

"तुझ्याच म्हणण्याप्रमाणे इथलं सगळं तूच शिवलंयस," मॅडम म्हणाल्या. "मग ह्या चार कागदांचं मला कशाला विचारतेस?"

चूक तिची होती, ते तिला बघताक्षणी कळलं. शुक्रवार, ५ जानेवारी. शेजारचा रकाना 'नोंद कोणी केली' हा होता. तिथे स्वतःचं नाव टाकून चौकटीचा कोपरा धरून तिने खाली ओढला होता. दोन रकाने एकदम धरले गेले आणि नाव दोन्हीकडे पडलं. एका सेकंदाचं काम. कोणीही करतं. शुक्रवारी चूक झाली आणि सोमवारी पहिला कागद वाढला.

मॅडमनी चारही कागद ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं. पुरावा म्हणून. दाखल्याचं नंतर बघू, म्हणाल्या.

बाहेर व्हरांड्यात दत्ताराम काका बसले होते. दार पातळ, त्यांनी सगळं ऐकलं होतं. तेजलने विचारलं, काका, हे सगळं खरं शिवलं कोणी?

काकांनी आधी इकडेतिकडे पाहिलं.

"वनमालाबाय. एकतीस वर्सां शिवल्यान तिना, थंय त्या खिडकीकडे बसान."

मग ते हळूहळू बोलत गेले. शंभर वर्षांच्या जुन्या फांद्याही तिनेच नव्या कागदांवर पुन्हा शिवल्या होत्या. बाई रोजंदारीवर होती, कधी कायम झाली नाही. बोलायची कमी. टाका असा की पुढून दोरा दिसायचा नाही. कोणी नवीन पोराने सगळी पानं सरळ दाबली तर फांदी परत करायची, म्हणायची दोन्ही बाजू दिसल्या पाहिजेत. २००६ साली काम सुटलं, त्याच वर्षी गेली. काकांनी ऑफिसात तिचं आडनाव विचारलं होतं एकदा, हार पाठवायला. कोणाला सांगता आलं नाही.

"तिचा नाव खंयच नाय गो," काका म्हणाले. "तोडणाऱ्याचा असता, ओळखणाऱ्याचा असता. शिवणाऱ्याचा कोण लिवता?"

शुक्रवारी दुपारी तेजलने पूर्ण रकाना पुसला. आडनाव मिळालं नव्हतं. तिने पहिल्या चौकटीत 'वनमालाबाई' लिहिलं. ह्या वेळी कोपरा ओढला नाही. फक्त तोच एक रकाना निवडून, चारदा तपासून भरला. २,१४६.

तेवढ्यात कपाटांच्या मागून आवाज आला... लोखंडावर काहीतरी बारीक ठेवल्यासारखा.

सुई असावी. ती बघायला गेली नाही.

सोमवारी कागद ३१८ भरले. चपला सरळ होत्या.

तिने मोकळा श्वास घेतला. पण अकरा वाजता मॅडमनी हाक मारली. ड्रॉवर उघडा होता. चारही कागद जागच्या जागी होते. त्यांच्यावर फांद्या नव्हत्या. दोरा नव्हता, चिंधी नव्हती, चुरासुद्धा नव्हता. फक्त सुईची भोकं. उजेडासमोर धरलं की भोकांतून फांदीचा आकार दिसायचा.

कुलूप तुटलेलं नव्हतं. किल्ली मॅडमच्या गळ्यातल्या साखळीत होती.

मॅडमनी तिच्यावर आरोप केला नाही. फक्त एवढंच विचारलं की शुक्रवारी परवानगीशिवाय २,१४६ नोंदी कोणी बदलल्या. तेजलने खरं सांगितलं. वनमालाबाईंचं सांगितलं. मॅडम २०११ साली आल्या होत्या. त्यांनी ते नाव कधी ऐकलं नव्हतं, कुठल्या रजिस्टरात पाहिलं नव्हतं. पुरावा नसलेलं नाव नोंदीत जात नाही, म्हणाल्या. त्यांनी तेजलचं लॉगिन बंद केलं आणि शुक्रवारच्या आधीची फाइल परत आणली. तीच फाइल महिनाअखेरीला पुढे पाठवली गेली.

तेजल अहिरे, २,१४६ वेळा.

प्रीतम आता वेगळ्या टेबलावर बसायला लागला होता. तिने काही विचारलं तर आधी तिच्या हाताकडे बघायचा.

बुधवार, ३१ जानेवारी. दुपारी चार वाजता तेजल तळमजल्यावरच्या ऑफिसात गेली. दाखला तयार होता. क्लार्कने फाइलमधून बघून टाइप केला होता आणि मॅडमनी न वाचता सही केली होती. एकदाची ही मुलगी जाऊ दे, असं त्यांना झालं असावं. क्लार्कने कागद पुढे सरकवला. "नीट वाचून घ्या. नंतर बदल होणार नाही."

तिने वाचला. तिसरी ओळ अशी होती: '२,१४६ वनस्पती-नमुने कागदावर शिवण्याचे व त्यांची नोंद करण्याचे काम यांनी स्वतः केले.'

अर्ज पाच वाजता बंद होणार होता. नवीन दाखल्याला दोन दिवस लागले असते.

पाच तारखेची चूक हाताची होती. ही नव्हती.

"बरोबर आहे," तेजल म्हणाली.

तिने जिन्यातच दाखल्याचा फोटो काढून अर्जाला जोडला. चार चाळीसला अर्ज गेला. मग ती वर गेली, कारण शेवटच्या दिवसाचा फोटो काढायचा होता. काकांचा आग्रह होता. खोलीच्या दारात चौघं उभे राहिले. मॅडम, तेजल, प्रीतम, काका. व्हरांड्यातून जाणाऱ्या एका विद्यार्थिनीने प्रीतमच्या मोबाइलवर फोटो काढले. समोरच्या खिडकीतून ऊन थेट तेजलच्या डोळ्यांवर येत होतं. तिने डोळे बारीक केले होते, हे तिला स्पष्ट आठवतं. ती मुलगी म्हणाली होती, ताई, थोडं हसा ना. तेजल हसली होती.

रात्री जेवताना प्रीतमचा मेसेज आला. बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा.

'मस्करी होती का? सगळ्या फोटोंत?'

खाली अकरा फोटो होते.

मॅडम सरळ बघतायत. प्रीतम सरळ बघतोय. काका हात जोडून उभे आहेत. आणि डावीकडून दुसरी...

तेजलची पाठ.

अकराही फोटोंत. तिची वेणी, तिचा आकाशी कुर्ता, तिच्या टाचा. तीन जण सरळ. एक उलटी.

तिने फोटो मोठा केला. दोन खांद्यांच्या मधोमध काहीतरी पांढरं होतं. डागासारखं. आणखी मोठा केला.

गाठ होती. दोऱ्याची.

कुर्ता तिने घरी येऊन धुण्याच्या बादलीत टाकला होता. तो कोरडाच होता, पाणी घातलं नव्हतं. तिने तो काढून उजेडात धरला. दोरा नव्हता. पाठीवर बरोबर मधे सुईची दोन भोकं होती, अर्ध्या इंचाच्या अंतराने. तिने तिथे बोट ठेवलं...

ओलं होतं. चिकट.

तेजलला ती जागा मिळाली. प्रीतमला मिळाली नाही. ती आता दुसऱ्या प्रयोगशाळेत असते, जिथे वाळलेलं झाड एकही नाही. फोटो काढायची वेळ आली की ती मोबाइल मागून घेते, म्हणते तुम्ही उभे राहा, मी काढते. विद्यापीठाला लिहिलेला एक ईमेल तिच्याकडे तयार आहे. दाखल्यातली तिसरी ओळ खोटी आहे, नमुने वनमालाबाईंनी शिवले, एवढाच. तो गेला तर दाखला जाईल, आणि दाखल्याबरोबर जागा. दोन वर्षं होत आली. ईमेल अजून पाठवलेला नाही.

जास्वंद पुन्हा वाढली. कापलेल्या जागेखालून नवी फांदी फुटली आहे, भरपूर पानांची. मीराताई रोज सकाळी पाणी घालतात आणि त्यातलं एक पान हाताने सरळ करतात.

संध्याकाळी तेजल घरी येते, तेव्हा ते पुन्हा उलटं असतं.